नकाशात नसलेला रस्ता

२०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस माझ्या सांगलीच्या मैत्रिणीचा मुलगा आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला यायचा होता. नोकरीसाठी सेंट लुईसला येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि सेकंडहँड गाडी घेऊन चार दिवस. मी एकीकडे भरल्या वांग्यांचा मसाला परतत होते आणि दुसरीकडे फोन स्पीकरवर टाकून त्याला रस्ता समजावत होते. डाउनटाउनमधून निघालास की मॅग्वायर हायवे धर, तो सोडूच नकोस, सरळ नदी ओलांड आणि सेंट चार्ल्समध्ये शिरलास की मला फोन कर. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो संकोचून म्हणाला, "काकू, असा हायवे मॅपमध्ये दिसतच नाहीये." मी त्याला जरा झिडकारलेच. मग एकदम लक्षात आले, आणि हातातला चमचा तसाच राहिला. त्या नावाचा रस्ता या शहरातून चौदा वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. इंटरस्टेट ७०च्या शहराच्या हद्दीतल्या काही मैलांच्या तुकड्याला १९९९मध्ये बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरचे नाव दिले होते, कारण त्याने आदल्या वर्षी बरोबर ७० होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारांसारखे कुंपणापलीकडचे फटके, मारले होते. २०१०मध्ये मिझुरीच्या विधिमंडळाने ते नाव काढून तेथे लेखक मार्क ट्वेनचे नाव लावले. त्या रस्त्यावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते, आणि तरीही माझ्या तोंडात अजून जुनेच नाव बसलेले आहे.

मुलगा वीस मिनिटे उशिरा आला, जेवला, वांग्यांचे कौतुक करून गेला. पण भांडी घासताना ते नाव मला टोचत राहिले. बाहेर सिकाडा किड्यांचा आवाज टिपेला पोहोचला होता. दर तेरा वर्षांनी जमिनीखालून वर येणारी ही झुंड मी तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकली ती १९९८च्या मे महिन्यात, या देशात येऊन मला दोन महिने झाले असताना. तेव्हा तो आवाज कोठल्या तरी विजेच्या डब्यातून येतो आहे असे मला वाटले होते आणि नवऱ्याने ऑफिसातून फोन केला तेव्हा मी त्याला घाबरून विचारलेही होते. तो वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामावर आलेला, दिवसाचे बारा-बारा तास कोबोल या जुन्या संगणकभाषेत बुडालेला. माझा व्हिसा अवलंबिताचा, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. लाल विटांच्या त्या इमारतीत मी, खिडकीतल्या एसीची घरघर आणि झाडांच्या खोडांना चिकटलेली सिकाडांची रिकामी टरफले, एवढाच माझा अमेरिकेशी परिचय होता.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला बाहेर काढले, आणि तेही बेसबॉलच्या मार्गाने. रोज संध्याकाळी त्यांच्या मागच्या ओसरीवर केएमओएक्स रेडिओ लागलेला असे. त्या पेन्सिलने एका लांबट वहीत काहीतरी भरत बसलेल्या असत. एकदा कपडे वाळत घालताना मी डोकावले, तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. त्या वहीला स्कोअरबुक म्हणतात हे मला त्या दिवशी कळले. प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक पाळीसाठी एक चौकोन, त्या चौकोनात छोटासा शंकरपाळा, शंकरपाळ्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. खालचा कोपरा घरचा, उजवा पहिला, वरचा दुसरा, डावा तिसरा. खेळाडू जेथवर पोहोचला तेथवर रेघ ओढायची, आणि तो फिरून घरी आला की शंकरपाळा काळा करायचा. बॅट फिरवून चेंडू हुकल्याने बाद झाला तर सरळ 'के', नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा 'के'. मला हा उलटा 'के' फार आवडला. क्रिकेटच्या धावफलकात निमूटपणे उभे राहिलेल्या माणसाची अशी वेगळी नोंद कोणी केल्याचे मला आठवत नव्हते.

त्या उन्हाळ्यात सगळा देश एकाच आकड्यामागे धावत होता, एका मोसमातल्या सर्वाधिक होमरनच्या. रॉजर मॅरिसचे १९६१मधले ६१ होमरन. त्याआधी १९२७मधले बेब रूथचे ६०. सेंट लुईस कार्डिनल्सचा मॅग्वायर आणि शिकागो कब्जचा सॅमी सोसा हे दोघे त्या आकड्याच्या रोखाने निघाले होते. आजी सांगत की १९९४च्या संपानंतर लोक या खेळावर रुसले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये खेळाडू संपावर गेले, वर्ल्ड सिरीज ही मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका रद्द झाली, आणि कोट्यधीश मालक व कोट्यधीश खेळाडू यांच्या भांडणात सामान्य प्रेक्षकाला कोणी विचारलेही नाही. आजींनी स्वतः दीड वर्ष रेडिओ बंद ठेवला होता. ते रुसलेले लोक १९९८मध्ये परत आले. मॅग्वायरचा नुसता सराव बघायला माणसे सामन्याच्या कितीतरी आधी स्टेडियमवर हजर होत. आम्हीही एकदा गेलो. साडेसहा फुटांना इंचभर कमी असा तो तांबूस केसांचा माणूस, त्याचे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात माझ्या नवऱ्याच्या पोटरीपेक्षा जाड. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज वेगळाच होता, ओले लाकूड फुटावे तसा. चेंडू जुन्या बुश स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर आदळला की हजारो लोकांच्या घशातून हसू आणि आश्चर्य यांच्या मधला एक हुंकार निघे. भुईमुगाच्या शेंगांचा, बिअरचा आणि तापलेल्या काँक्रीटचा वास. मी टाळ्या वाजवत होते. अनेक महिन्यांत प्रथमच मी घराबाहेरच्या कशात तरी सामील झाले होते.

आणि तरीही, त्याचे दंड पाहिल्याबरोबर मला माझे आजोबा आठवले होते.

ते आमच्या गावच्या तालमीत वस्ताद होते. आपल्याकडे शरीर कमावतात. पैसा कमवावा, नाव कमवावे, तसे शरीर कमवावे, असे आपली भाषाच म्हणते. पहाटे तीनला उठून हौद्यातली लाल माती उकरणे, जोर, बैठका, मग दूध, तूप आणि बदामाची थंडाई, या सगळ्याला लागणारी वर्षे त्या एका क्रियापदात आहेत. मी शाळेत असताना त्यांच्या तालमीतला एक मल्ल दोन-तीन महिन्यांत एकाएकी फुगला. गावात कौतुक सुरू झाले. आजोबांनी त्याला एकदा हौद्यात उभे केले, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, पाठीवर उठलेले फोड पाहिले आणि लंगोट सोडून घरी जायला सांगितले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "पोरी, अंग कमवायचं असतंय, इकत घ्यायचं नसतंय." त्याला ते औषध कोणी दिले हे विचारण्याच्या भानगडीत मात्र ते पडले नाहीत, आणि तो मुलगा पुढच्याच महिन्यात दुसऱ्या तालमीतून कुस्त्या मारू लागला. तेथे त्याच्या पाठीकडे कोणी पाहिले नाही.

मग ऑगस्ट आला. मॅग्वायरने पन्नाशी गाठली त्याच आठवड्यात असोसिएटेड प्रेसच्या स्टीव्ह विल्स्टीन या वार्ताहराची बातमी आली. मॅग्वायरच्या लॉकरमधल्या फळीवर, सर्वांना दिसेल अशी, एक तपकिरी बाटली होती आणि तिच्यावर अँड्रोस्टेनडायोन असे लिहिलेले होते. शरीरात गेल्यावर ज्याचे टेस्टोस्टेरॉन बनते असे हे द्रव्य. ऑलिंपिकमध्ये त्याला बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्येही होती. बेसबॉलमध्ये नव्हती आणि दुकानात ते उघड विकत मिळत होते. मॅग्वायरने ते घेत असल्याचे मान्यही केले. यानंतर जे झाले ते मला आज अधिक लाजिरवाणे वाटते. सगळा राग त्या वार्ताहरावर निघाला. संघाचे व्यवस्थापक टोनी ला रूसा तर त्या वृत्तसंस्थेला ड्रेसिंगरूममध्ये येऊच देऊ नये या मताचे होते. दुसऱ्याच्या कपाटात डोकावणारा हा कोण, असे लोक रेडिओवर फोन करकरून विचारत होते. आजीही तेच म्हणाल्या. आणि मी? ज्या पानावर ती बातमी होती ते पान आम्ही ओसरीच्या टेबलावर पसरले आणि त्यावर फरसबी निवडली. शेवटी देठ आणि शिरा त्याच कागदात गुंडाळून मी कचऱ्यात टाकल्या. मी बातमी वाचली होती. इंग्रजी वाचता येत नव्हते अशातली गोष्ट नव्हती. शिवाय तपासायला पाठीवरून हात फिरवायचीही गरज नव्हती, बाटली नाव घालून समोर ठेवलेली होती.

८ सप्टेंबरला आजींनी मला टीव्हीसमोर बसवले, पण वही मांडीवरच होती. चौथ्या इनिंगमध्ये, दोन गडी बाद असताना, कब्जच्या स्टीव्ह ट्रॅक्सेलचा पहिलाच चेंडू मॅग्वायरने डाव्या कुंपणाच्या अगदी कडेवरून पलीकडे घातला. ३४१ फूट. वर्षभर गगनचुंबी फटके मारणाऱ्या माणसाचा त्या मोसमातला तो सर्वांत आखूड होमरन होता. नंतर तो आनंदात पहिल्या बेसच्या प्रशिक्षकाच्या अंगावर झेपावला आणि त्या भरात बेसला पाय लावायचेच विसरला. त्याला मागे फिरून पाय टेकवावा लागला. आजी हसता हसता रडत होत्या. मग त्याने आपल्या लहान मुलाला उचलले, उजव्या क्षेत्रातून सोसा धावत आला, दोघांनी मिठी मारली, आणि मग तो प्रेक्षकांत बसलेल्या मॅरिसच्या मुलांपाशी गेला. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते. त्या दिवसांत टीव्हीवर दुसरी बातमी होती ती क्लिंटन आणि लेविन्स्कीची, आणि तिला कंटाळलेल्या सगळ्यांना एक निखळ गोष्ट हवी होती. ती आम्हाला मिळाली. मोसम संपला तेव्हा मॅग्वायरचे ७० आणि सोसाचे ६६ झाले होते. सत्तराव्या चेंडूला लिलावात सुमारे ३० लाख डॉलर मिळाले.

पुढचे बहुतेकांना ठाऊकच आहे. २००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सने ७३ मारले, तेव्हा या शहराला एकदम त्याच्या वाढलेल्या डोक्याच्या मापाबद्दल शंका येऊ लागल्या. आपल्या माणसाच्या दंडांबद्दल न आलेल्या शंका परगावच्या माणसाबद्दल चटकन येतात. २००३मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेवर छापा पडला. चाचणीत सापडू नये म्हणून मुद्दाम घडवलेले एक स्टेरॉइड तेथून खेळाडूंना पुरवले जात होते, आणि ते ओळखता आले तेही एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज गुपचूप अधिकाऱ्यांकडे पाठवली म्हणून. त्याच वर्षी बेसबॉलने पहिल्यांदा चाचण्या घेतल्या, त्याही नाव न सांगण्याच्या बोलीवर, आणि तरीही पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले. डिसेंबर २००७मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा बेसबॉलमधल्या या औषधांवरचा ४०९ पानांचा अहवाल आला आणि त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. त्याच वर्षी बाँड्सने हँक ॲरनचा संपूर्ण कारकिर्दीतल्या ७५५ होमरनचा आकडा ओलांडला. तो चेंडू विकत घेणाऱ्याने लोकांचे मत मागवून त्यावर चांदणी, म्हणजे विक्रमाबद्दल शंका असल्याची तारांकित खूण, कोरली आणि कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयाला देऊन टाकला. मॅरिसच्या आकड्यापुढेही अशीच चांदणी असल्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आले. कारण रूथला १५४ सामन्यांचा मोसम मिळाला होता आणि मॅरिसला १६२चा, म्हणून दोन्ही विक्रम वेगवेगळे धरावेत असे बेसबॉलच्या तेव्हाच्या आयुक्तांनी ठरवले होते. प्रत्यक्षात ती चांदणी कधी छापली गेलीच नाही. त्या उन्हाळ्यात ताणाने मॅरिसच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळत होते, आणि तो १९८५मध्ये ५१व्या वर्षी गेला. न केलेल्या गुन्ह्याची चांदणी त्याच्या नावाला जन्मभर चिकटून राहिली.

१७ मार्च २००५ला मॅग्वायर काँग्रेसच्या समितीपुढे बसला. मी आणि आजी तेव्हा वेगवेगळ्या घरांत राहत होतो, पण तो दिवस आम्ही एकत्र घालवला. त्या आधी दोन तरुणांच्या आईवडिलांनी साक्ष दिली होती. स्टेरॉइड घेणाऱ्या त्यांच्या मुलांनी आत्महत्या केली होती. मग चष्मा लावलेला, बराच आक्रसलेला मॅग्वायर बोलू लागला. त्याचा गळा दाटून आला होता. प्रत्येक थेट प्रश्नाला त्याचे उत्तर एकच, मी येथे भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. त्याच टेबलावर राफाएल पाल्मेरोने बोट रोखून आपण स्टेरॉइड कधीच घेतले नसल्याचे सांगितले, आणि ऑगस्टमध्ये तो चाचणीत सापडल्याचे जाहीर झाले. आजींनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "भूतकाळाशिवाय या खेळात आहे काय? माझ्या कपाटात चाळीस वर्षांचा भूतकाळ आहे."

२०१०च्या जानेवारीत अखेर मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. मॅरिसच्या पत्नीला स्वतः फोन करून क्षमाही मागितली. पण त्याचे म्हणणे असे होते की औषध त्याने दुखापतीतून उठण्यासाठी घेतले, ताकदीसाठी नव्हे, आणि होमरन त्याने असेही मारले असते. या वाक्यावर मी कितीदा तरी घुटमळले आहे. त्यात थोडे खरे आहे. १९८७मध्ये ओकलंडकडून खेळताना, अंगाने सडसडीत असताना, त्याने पहिल्याच पूर्ण मोसमात ४९ होमरन मारले होते. ताशी नव्वद-पंचाण्णव मैलांनी येणारा चेंडू कोणतेही इंजेक्शन दाखवून देत नाही. पण सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे म्हटल्यावर दुखापतीतून लवकर उठणे हीच तर ताकद. फाटलेला स्नायू लवकर भरून येतो, आज थकलेला माणूस उद्या पुन्हा वजने उचलू शकतो, आणि कुंपणाच्या आत झेलला गेला असता असा चेंडू हातभर पुढे पडतो. ३४१ फुटांच्या फटक्यात तो हातभर कोणाचा होता, हे कोणी सांगावे? माझे आजोबा असते तर त्यांनी हा हिशेब मांडलाच नसता.

सोसाबद्दल मात्र माझे मन तितके कठोर होत नाही, आणि हा पक्षपात मला ठाऊक आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सान पेद्रो दे माकोरिस या उसाच्या गावचा तो पोरगा, लहानपणी बूट पॉलिश करणारा, दुधाच्या खोक्याचा हातमोजा करून खेळणारा. सांगलीच्या बाईला उसाच्या गावातली गरिबी समजावून सांगावी लागत नाही. तेथील मुलाला सोळाव्या वर्षी करार मिळतो किंवा मिळत नाही. त्याला हेरून तयार करणारा दलाल करारातला आपला वाटा धरून बसलेला असतो, आणि अंगावर चार किलो मांस लवकर चढले तर सगळे घर तरते. तेथल्या मुलांनी जनावरांसाठीची औषधे टोचून घेतल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. मॅग्वायरला दुखापतीचे कारण सांगता येत होते, त्या मुलांजवळ सांगायला भूक होती. सोसाने २०२४च्या डिसेंबरमध्ये, औषधाचे नाव न घेता, चुका झाल्याचे मान्य केले, आणि शिकागोने त्याच्यासाठी दार उघडले.

हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाची, दारे मात्र बंदच आहेत. तेथे ७५ टक्के मते लागतात. मॅग्वायर दहा वर्षांत कधी पाव हिश्शापर्यंतही पोहोचला नाही, आणि बाँड्स २०२२मध्ये शेवटच्या संधीला ६६ टक्क्यांवर अडकला. मत देणारे बहुतेक तेच वार्ताहर ज्यांनी १९९८मध्ये त्या बाटलीकडे पाठ फिरवून कौतुकाचे रकाने भरले. आयुक्त, मालक, व्यवस्थापक यांच्या नावाचा कोणताही फलक कोणी उतरवला नाही. ॲम्फेटामिनच्या हिरव्या गोळ्या तर ड्रेसिंगरूममध्ये कित्येक दशके चालत होत्या आणि त्यांच्यावर बंदी आली ती २००६मध्ये. या सगळ्यात ज्याचे खरे नुकसान झाले तो कोठेच दिसत नाही. खालच्या लीगमध्ये बसने फिरणारा, औषध न घेतलेला, हातभर कमी पडलेले चेंडू मारून तिशीत घरी परतलेला कोणी एक. आजींच्या चाळीस वर्षांच्या वह्यांत त्याच्यासाठी चौकोन नाही.

२०१०मध्ये, रस्त्याचे नाव बदलले त्याच मोसमात, मॅग्वायर कार्डिनल्सचा फलंदाजीचा प्रशिक्षक म्हणून परत आला आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. आजींनीही वाजवल्या. २०११मध्ये सिकाडा पुन्हा आले, कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि दोन वर्षांनी आजी गेल्या. त्यांच्या मुलीने १९९८ची वही मला आणून दिली. त्या ऑगस्टच्या पानांवर मी बाटलीचा उल्लेख शोधला. आजी समासात हवामान लिहीत, कोणाला सर्दी झाली तेही लिहीत. बाटलीबद्दल अक्षर नाही. फरसबीबद्दल मात्र आहे, शेजारणीने फार बारीक चिरली म्हणून.

मैत्रिणीचा मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी वेळेवर. जेवणानंतर त्याने स्वतःच विचारले, "काकू, कोण हा मॅग्वायर?" मी वही काढली आणि ८ सप्टेंबरचे पान उघडले. चौथ्या इनिंगच्या रकान्यात शंकरपाळा पूर्ण काळा केलेला, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद मागच्या बाजूला उठून आला आहे. मी त्याला सगळे सांगितले, बाटलीसकट, फरसबीसकट. तो पहिल्या बेसच्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसला होता.

"इथे पाय लावायचा विसरला, आणि तसाच पुढे गेला असता तर?"

"तर कोणी हरकत घेतली असती आणि तो बाद झाला असता."

"आणि कोणी घेतलीच नसती तर?"

मी चष्मा काढून पुसला. "तर होमरन धरला असता," मी म्हणाले, आणि त्याच्यासाठी डब्यात वांगी भरायला उठले.